काळा द्रव आणि काळी रेघ

बल्लारशाहहून दक्षिणेस जाणारी आगगाडी वर्धा नदी ओलांडून राजुरा तालुक्यात शिरते. हा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे. पुढे सिरपूर कागदनगर हे स्थानक लागते. गावाला हे नाव कागदाच्या गिरणीने दिले. निजामाच्या राजवटीत, १९३८ साली, ती स्थापन झाली. २०१६ च्या पुनर्रचनेत गाव आसिफाबाद जिल्ह्यात गेले; इतिहास मात्र आदिलाबादचाच.

गिरणीने आसपासच्या अरण्यांतील बांबूवर आपला संसार उभारला. बांबूत सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना जखडून ठेवणारे लिग्निन असते. गिरणीचा सारा खटाटोप हे लिग्निन घालविण्याचा! बांबूचे तुकडे तीव्र क्षारांत शिजविले की ते विरघळून काळ्या द्रवात उतरते. हा द्रव आटवून भट्टीत जाळतात. त्यातून वाफ मिळते व क्षारही परत हाती येतात. लिग्निन राहिलेला कागद उन्हाने पिवळा पडतो, हे वर्तमानपत्रांची रद्दी साठविणाऱ्या गृहस्थास सांगावयास नको.

२०१४ साली गिरणी बंद पडली आणि तिच्यावर पोसलेल्या गावाची चूल मंदावली. त्याच वर्षी अमेरिकेतील ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात जेम्स टूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिइमाइड नामक प्लॅस्टिकवर लेसर किरण फिरवून ग्राफीन उमटविले. ग्राफीन म्हणजे षट्कोनी जाळीत बसलेल्या कार्बनचा पापुद्रा. पेन्सिलीतील ग्रॅफाइट अशाच थरांचे असते आणि त्यातून वीज वाहते. २०१७ मध्ये तेथेच लाकडावर प्रयोग झाले, तेव्हा लिग्निन अधिक असलेल्या पाइनवर ग्राफीन अधिक चांगले उतरले. गिरणी जे जाळते, तेच लेसरला हवे होते, ही मोठी मौजेची विसंगती होय.

२०१८ मध्ये कागद, पुठ्ठा, नारळाची करवंटी यांचीही पाळी आली. पहिल्या फेरीत कागदाचा केवळ कोळसा होतो. त्याच रेघेवरून किरण पुन्हा फिरला की कोळशाचे ग्राफीन बनते. कागद पेटू नये म्हणून त्यास आधी अग्निरोधक द्रव्य लावतात. अशा काळ्या रेघांतून विद्युत्भार साठविणारी धारित्रे आणि नाना प्रकारचे संवेदक घडविता येतात. त्यासाठी धातूची शाई वा तांबे कोरणारे आम्ल लागत नाही. हैदराबादजवळच्या बिट्स पिलानीच्या प्रयोगशाळेतही लेसर-ग्राफीनच्या संवेदकांवर संशोधन झाले आहे.

२०१८ सालीच जे. के. पेपर कंपनीने सिरपूरची गिरणी घेतली आणि पुढे तिचे भोंगे पुन्हा वाजू लागले. काळा द्रव मात्र अजून भट्टीकडेच जातो.