आरे वसाहत आणि स्वराज्याची पूर्वतयारी

साष्टी बेटावर, गोरेगाव स्थानकाच्या पूर्वेस, डोंगरउतारावर आरे दुग्धवसाहत १९४९ साली वसविण्यात आली. तीन हजारांहून अधिक एकर जमीन, बत्तीस गोठे आणि सुमारे सोळा हजार गुरे, त्यांतही मुख्यतः म्हशी, असा तिचा पसारा. गोठे सरकारचे, म्हशी तबेलेवाल्यांच्या, आणि दूध विकत घेऊन शहरात पुरविणार तेही सरकारच, अशी व्यवस्था ठरली. तोवर मुंबईच्या भर वस्तीत तबेले होते. त्यांतील घाण आणि दुधातील पाणी हा नगरवासीयांच्या नित्याच्या तक्रारीचा विषय होता. आणि भाकड म्हैस शहरात पोसणे परवडत नसल्यामुळे ती बहुधा खाटकाच्या दारी जाई. दारा खुरोडी ह्या दुग्धतज्ज्ञाच्या देखरेखीखाली हे सारे पालटले, आणि १९५१ च्या मार्चमध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते वसाहतीचे रीतसर उद्‌घाटन झाले. स्वातंत्र्य मिळून पुरती चार वर्षेही झालेली नव्हती. फाळणीने होरपळलेल्या देशातील एका प्रांतिक सरकारने एवढे काम उभे करावे, ही गोष्ट लहान नव्हे.

हे साधले कसे? आम्ही ह्या लोकांना स्वराज्यासाठी तयार केले, असे इंग्रज मुत्सद्दी पुढे अभिमानाने सांगत. त्यांत तथ्य आहे, पण ते म्हणतात तितके नाही. मुंबईच्या नगरपालिकेत निवडून दिलेले सभासद १८७२ च्या कायद्यान्वये बसू लागले. १८८८ च्या कायद्याने, फिरोजशहा मेहता यांच्यासारख्यांच्या खटपटीमुळे, त्या संस्थेला बळकटी आली. पाणी, गटारे, बाजार, कर यांचा विचार करण्याची सवय मुंबईकरांना अशी दोन पिढ्या आधीच लागली होती. पुढे १९३५ च्या कायद्यान्वये निवडणुका होऊन १९३७ च्या जुलैत बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. महायुद्धाच्या प्रश्नावरून १९३९ च्या नोव्हेंबरात त्याने राजीनामा दिला. अवघी सव्वादोन वर्षे! परंतु तेवढ्यात मंत्र्यांनी अंदाजपत्रके मांडली, कायदे केले, आणि गोऱ्या सचिवांकडून काम करवून घेण्याची कला आत्मसात केली. १९४६ मध्ये खेर पुन्हा आले ते नवखे म्हणून नव्हे. मात्र हा अनुभव राज्यकर्त्यांनी आपण होऊन वाढलेला नव्हता. सत्याग्रह आणि तुरुंगवास यांच्या दडपणाखाली तो एकेका घासाने त्यांच्या हातून सुटला होता.

उलट उदाहरण फार दूर शोधावे लागत नाही. साष्टी स्वतः सोळाव्या शतकापासून मराठ्यांच्या १७३७ च्या स्वारीपर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. गोवा त्यांच्याकडे १९६१ पर्यंत राहिला. गोव्यात शिक्षण नव्हते असे कोणी म्हणू नये. पणजीची वैद्यकशाळा १८४२ ची, म्हणजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजाहून तीन वर्षांनी वडील. परंतु सालाझारच्या अमदानीत, १९३० च्या वसाहतविषयक कायद्यानंतर, गोमंतकीयाला ना मोकळे वृत्तपत्र, ना सभा, ना जबाबदार विधिमंडळ. १९४६ च्या जूनमध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभाबंदी मोडली तेव्हा भाषण करणे हाच गुन्हा होता. त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा यांना पकडून पोर्तुगालमधील किल्ल्यात डांबण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली आणि प्रारंभीचा कारभार लष्करी राज्यपालाला पाहावा लागला. तरीही दोनच वर्षांत, १९६३ च्या डिसेंबरात, तेथे प्रौढ मतदानाने निवडणूक होऊन दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. दीर्घ उमेदवारीवाचून लोक मतदानास नालायक ठरतात, ह्या सिद्धांताला गोमंतकाने दिलेले हे उत्तर आहे. अर्थात शेजारी चालता कारभार असलेला मोठा देश होता, हेही विसरता येत नाही.

बेल्जियमच्या काँगोला असा आधार नव्हता. तेथे मोजक्या शहरांत पहिले नगरपालिका-मतदान १९५७ साली झाले, आणि ३० जून १९६० रोजी सारा देश स्वतंत्र! पदवीधर काँगोवासी वीसदेखील नव्हते. सैन्यात एकही आफ्रिकी अधिकारी नव्हता. आठवड्याच्या आतच त्या सैन्याने बंड केले. अमेरिकेने फिलिपाइन्सला मात्र १९३४ च्या कायद्याने मुदत घालून दिली आणि १९४६ साली ती पाळली. सिलोनला तर १९३१ सालीच सार्वत्रिक मतदान लाभले होते. भारताच्या वीस वर्षे आधी! तरी स्वतंत्र होताच, १९४८ मध्ये, त्याच देशाने कायदा करून मळ्यांतील बहुसंख्य तमिळ मजुरांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. तेव्हा तयारी किती वर्षे चालली एवढे पाहून भागत नाही. ती कोणाकोणाची झाली, हेही विचारावे लागते.

मुंबई इलाख्यात हाच प्रश्न विचारला तर चित्र बदलते. १९३५ च्या कायद्याने मताचा हक्क सारा, भाडे, शिक्षण अशा कसोट्यांवर दिला होता. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या, अक्षरशत्रू ठेवलेल्या माणसाला त्यात जागा नव्हती. ठाणे जिल्ह्यातील डहाणू, उंबरगाव व मोखाडा हा मुलूख तर 'अंशतः वगळलेला' ठरला. तेथे विधिमंडळाचा कायदा गव्हर्नराच्या हुकुमाशिवाय लागू होत नसे. संरक्षणासाठी म्हणून केलेल्या ह्या तरतुदीच्या छायेत वारली लोक वेठबिगारीने आणि लग्नाच्या कर्जापायी सावकाराच्या दारी राबत होते. त्यांची राजकीय शाळा १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेने काढली: वेठ करणार नाही, रोख मजुरीवाचून गवत कापणार नाही. आणि ह्या परुळेकरांना जिल्ह्याबाहेर घालविणारे सरकार १९४६ मध्ये खेरांचेच होते! खेर तर आदिवासी सेवा मंडळाचे संस्थापक. सेवा करणे आणि हक्क मान्य करणे ह्यांत केवढे अंतर असते, ते येथे दिसते.

आरेची भूमीही मोकळी नव्हती. दुग्धवसाहतीच्या पूर्वीपासून तेथे वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. आज ते सत्तावीस मोजले जातात. भात, भाज्या आणि रानातील जिन्नस यांवर त्यांचा निर्वाह चाले. गोठे बांधण्याचा निर्णय घेणारे विधिमंडळ १९४६ च्या मर्यादित मतदानातून आलेले होते. प्रौढ मतदानाची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ च्या हिवाळ्यात झाली, आणि तोवर आरेतील गोठे उभे राहून मुंबईच्या घरोघरी बाटलीतले दूध पोहोचू लागले होते. पाड्यांतील माणसाच्या हाती मतपत्रिका आली ती जमिनीचा निर्णय होऊन गेल्यावर. वीज, पाणी आणि वहिवाटीच्या जमिनीवरील हक्क ह्यांसाठी त्यांना पुढे कित्येक दशके अर्ज करीत राहावे लागले. वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला. आणि २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली, तेव्हा विरोध करणाऱ्यांत ह्या पाड्यांतील स्त्रीपुरुष होते.