तान्हा पोळा : घरातल्या लहानग्यांच्या हाती दिलेला सण

डिसेंबर लागला की शाळांतून नाताळची तयारी सुरू होते. आमची पाच वर्षांची नात लाल टोपी घालून घरी आली आणि दारावर कागदाची चांदणी लावून घेतली. मग विचारले, "आजोबा, आपल्याकडे मुलांचा सण कोणता?" आम्ही दिवाळी म्हणालो. तिला पटले नाही. दिवाळीत सगळे मोठी माणसेच करतात, असे तिचे म्हणणे, आणि ते खोटे नाही. तेव्हा माळ्यावर गुंडाळून ठेवलेला लाकडी बैल आठवला. करोनाच्या वर्षी आमच्या घरचा तान्हा पोळा बंद पडला, तो पुन्हा सुरू करायचा राहूनच गेला होता. आपल्या बऱ्याच घरांत असे झाले असावे, म्हणून ही माहिती.

पोळा श्रावण अमावास्येला आणि तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला. आपल्याकडच्या हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तीच अमावास्या तिथे भाद्रपदाची म्हणून छापलेली असते. कॅलेंडर पाहताना गोंधळू नये, दिवस एकच.

मोठ्या पोळ्याला खऱ्या बैलांचा मान. आदल्या दिवशी त्यांचे खांदे हळद-तुपाने शेकतात, पोळ्याला सजवून तोरणाखाली आणतात, पुरणपोळी खाऊ घालतात. त्यात लहान मुलांना जवळ जाऊ देत नाहीत, शिंगाची भीती. नागपूरकर सांगतात की दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ साली मुलांसाठी लाकडी बैलांचा वेगळा पोळा भरवला आणि तेव्हापासून ही चाल पडली. म्हणजे हा सण कुणीतरी मुलांकडे पाहून मुद्दाम घडवला. नागपुरात त्याच दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा मोठमोठ्या नंदींसाठी प्रसिद्ध आहे. पूर्वेला छत्तीसगडात हेच बैल मातीचे असतात.

बालाघाटला हा सण परका नाही. १८६७ मध्ये आपला जिल्हा झाला तो भंडारा, मंडला आणि सिवनीचे तुकडे जोडून. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. सरहद्द बदलली, पोळा बदलला नाही.

आता घरी कसे करावे. बैल चाकांचा घ्यावा आणि मुलाला स्वतः ओढता येईल एवढाच. कंबरेएवढा बैल आणला की तो बाबाच ओढतात आणि मूल कंटाळून कडेवर चढते, हे आम्ही स्वतः केलेले आहे! दरवर्षी नवा घेऊ नये. आमचा बैल मुलाच्या लहानपणचा, एक कान तुटलेला. नातीने त्याच कानाला गोंडा बांधला आणि आता तो तिच्या ओळखीचा झाला आहे.

सजावट मुलालाच करू द्यावी, वाकडी झाली तरी. झूल जुन्या साडीच्या काठाची, बेगडाची शिंगे, वेसण, घुंगरमाळ. हे शब्द करताना आपोआप कानावर पडतात. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, घरी टीव्ही, मग 'वेसण' हा शब्द मुलाने ऐकायचा कुठे? आमच्या नातीने "नाक की रस्सी" म्हणून सुरुवात केली होती. संध्याकाळी शेजारच्या काकूंना तीच वेसण दाखवत होती.

संध्याकाळी घरी बैलाला ओवाळावे आणि मुलांनी बैल घेऊन दारोदार जावे. घरच्यांनी बैलाची पूजा करून मुलाच्या हातावर बोजारा ठेवायचा, खाऊ किंवा पैसे. खरी अडचण इथेच येते. कॉलनीत अर्ध्या घरांना हा प्रकार माहीत नसतो आणि बंद दार पाहून मूल हिरमुसते. म्हणून चार-पाच घरे आदल्या दिवशी सांगून ठरवावीत, त्यात हिंदीभाषक शेजारीही घ्यावेत. आमच्या समोरच्या वहिनींनी तर दारात रांगोळी काढून ठेवली होती.

बोजारा सारख्या रकमेचा असावा, नाहीतर मुले आपसात तुलना करतात. आम्ही बँकेत असताना दहाची नवी नाणी आधीच बाजूला काढून ठेवत असू. ती सवय अजून आहे. नातीला नव्वद रुपये मिळाले, तिने ते तीनदा मोजले आणि शेवटी बैलाच्या झुलीखाली ठेवून दिले.

या नाताळात चांदणी पुन्हा दाराला लागली. तिच्याखाली बैलही उभा होता, माळ्यावर न्यायला तिने नकार दिला. त्याचे एक चाक मात्र ढिले झाले आहे, श्रावणाआधी सुताराकडे न्यायचे आहे.