समैस्माचे मोती आणि मुंबईचा तेजाब

कतार द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, दोहा शहर मागे टाकून उत्तरेस अल खोरच्या वाटेला लागले म्हणजे, उथळ समुद्राच्या काठी समैस्मा नावाचे एक जुने गाव लागते. आज ते अल दायन नगरपालिकेच्या हद्दीत मोडते आणि त्याच्या वाळूवर विश्रांतिगृहे उभी आहेत. परंतु कतारमधील दुखानच्या तेलाची पहिली निर्यात १९४९ सालच्या अखेरीस होण्यापूर्वी ह्या किनाऱ्यावरील माणसांचा निर्वाह मुख्यतः मासळी आणि मोती ह्या दोन गोष्टींवर चालत असे. उन्हाळ्याचे चार महिने गलबते शिंपल्यांच्या बांधांवर नांगर टाकून उभी राहत, नाकाला चिमटा आणि पायाला दगडाचे वजन लावून पाणबुडे तळ गाठीत, आणि वर दोर धरून बसलेला सोबती त्यांना ओढून काढी. हंगाम संपला की तव्वाश नावाने ओळखले जाणारे व्यापारी गलबतांच्या नाखुदांकडून तो माल उचलीत आणि त्यातील मोठा हिस्सा, कधी बहरैनमार्गे तर कधी थेट, मुंबईच्या पेढ्यांवर येऊन पोचे. कतारमध्ये १९६६ पर्यंत रुपयाच चालत होता, हे सांगितले म्हणजे त्या व्यवहाराची मुळे किती खोल होती ते वेगळे सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रातील घराघरांत नथीला आणि तन्मणीला जो ‘बसराई मोती’ म्हणून मान मिळाला, तो बहुतांशी ह्याच आखाताच्या तळाचा. शेख मेमन रस्त्याच्या परिसरात हे मोती चाळण्यांतून चाळले जात, रंगांप्रमाणे निवडले जात, वेधले जात आणि पुढे पॅरिस-लंडनकडे रवाना होत. पण समुद्रातून निघालेला प्रत्येक मोती शुभ्र असतोच असे नाही. कोणाला पिवळसर झाक असते, कोणावर काळपट डाग असतो, आणि वर्षानुवर्षे अंगावर वापरलेला मोती घामाने व तेलाने मंदावतो. असा मोती उजळून दिला तर त्याचे मोल वाढते. आणि येथेच जवाहिऱ्याच्या पेढीचा संबंध रसायनाच्या बाटलीशी आला.

मोती म्हणजे, रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर, कॅल्शियम कार्बोनेटाचे अतिशय पातळ थर आणि त्यांना सांधून धरणारा थोडासा सेंद्रिय अंश. कोणतेही आम्ल त्याला लागले की तो विरघळू लागतो; साधा शिरकादेखील त्याची कांती घालवितो. म्हणून सोनाराच्या दुकानात जे तेजाब शतकानुशतके परिचित होते, म्हणजे सोन्यातून चांदी वेगळी काढणारा शोऱ्याचा तेजाब किंवा गंधकाचा तेजाब, ते येथे निरुपयोगीच नव्हे तर घातक होते. मोत्याला हवे होते हायड्रोजन पेरॉक्साइड, जे तेनार ह्या फ्रेंच रसायनज्ञाने १८१८ मध्ये प्रथम तयार केले. आणि तेही पुरेसे सौम्य केलेले, कारण तीव्र पेरॉक्साइड त्वचा भाजते, सेंद्रिय पदार्थाशी गाठ पडल्यास आग लावू शकते, आणि मोत्याच्या थरांना सांधणारा अंशच नाहीसा करून त्याला ठिसूळ बनविते. सौम्य द्रावणात, उजेडात, दिवसांमागून दिवस धीराने ठेवलेला मोती मात्र हळूहळू उजळतो. तीव्र द्रव किती पाण्यात, किती वेळ आणि कोणत्या उष्णतेत, एवढ्या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर लाखो रुपयांचा माल तरे अथवा बुडे.

मुंबईत हे काम ज्यांनी शास्त्राच्या पायावर आणले ते प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे मूळचे सुरतेचे. बडोदा महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविताना त्यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवनाची उभारणी केली, आणि पुढे मुंबईस येऊन विल्सन महाविद्यालयात अध्यापन व स्वतःची प्रयोगशाळा असा संसार मांडला. त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते एका पुतळ्यामुळे. बडोद्याचे खंडेराव महाराज यांच्या देणगीतून उभारलेल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ च्या ऑक्टोबरात चापेकर बंधूंनी डांबर फासले. तो डाग काढण्याचे अनेक प्रयत्न निष्फळ झाल्यावर गज्जरांनी १८९८ च्या सुमारास संगमरवराला इजा न होऊ देता तो नाहीसा केला. प्रस्तुत विषयात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, संगमरवर आणि मोती ही एकाच द्रव्याची दोन रूपे आहेत, आणि दोहोंच्या बाबतीत डाग जावा व वस्तू राहावी हा पेच एकच आहे. मोती उजळण्याच्या कामातही गज्जरांचा लौकिक झाला आणि त्यातून त्यांना द्रव्यलाभही झाला, ह्यात म्हणूनच नवल नाही.

माझ्या मते मात्र गज्जरांचे सर्वांत मोठे काम पुतळ्याचेही नाही आणि मोत्यांचेही नाही. कलाभवनात रंगाई, विणकाम, सुतारकाम आणि रसायन हे विषय देशी भाषांतून शिकविण्याचा आग्रह त्यांनी धरला आणि त्यासाठी पाठ्यपुस्तके रचण्याचा उद्योग आरंभिला. ज्या काळी कारखान्यातील मिश्रणांची प्रमाणे ही मालकाची मिरास समजली जात, उस्तादाकडून शागिर्दाकडे कानातल्या कानात जात, आणि भांड्यात ओतणाऱ्या गड्याला बहुधा ती ठाऊकच नसत, त्या काळी रंगाऱ्याच्या मुलाला त्याच्याच भाषेत द्रावणाचे मान समजावून सांगणे ही क्रांतीच होती. कारण गुप्तता व्यापाराला उपकारक असेल, हाताला ती नेहमीच घातक ठरली आहे.

गंधकाम्लाचेच, म्हणजे वर आलेल्या गंधकाच्या तेजाबाचेच, उदाहरण घ्यावे. शंभरांत अठ्ठ्याण्णव भाग शुद्ध असे हे तेलकट द्रव पाण्याच्या पावणेदोनपटीहूनही अधिक जड, त्याचे विशिष्ट गुरुत्व १.८४. पाण्याशी त्याचा संयोग झाला म्हणजे प्रचंड उष्णता बाहेर पडते. आता कोणी अजाणतेपणे आम्लावर पाणी ओतले, तर ते हलके पाणी वरच तरंगते, सगळी उष्णता त्या पातळ थरात कोंडते, थर तत्क्षणी उकळतो आणि उसळणारी वाफ आम्लाचे थेंब तोंडावर व डोळ्यांत उडविते. उलट भरपूर थंड पाण्यात बारीक धारेने, सतत ढवळीत आम्ल सोडले, तर जड आम्ल खाली उतरत पाण्यात मिसळते, उष्णता सर्व पाण्यात वाटली जाते, आणि मधेमधे थांबले की भांडे निवते. हा क्रम ज्याला उमगला तो कामगार आयुष्यभर सुरक्षित राहू शकतो. ज्याला केवळ ‘असे कर’ म्हणून सांगितले गेले तो घाईच्या एखाद्या दिवशी ते उलट करतो. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ मध्ये स्थापन होऊन अंबरनाथला गंधकाम्ल बनू लागले, आणि पुढे कल्याण-ठाणे पट्ट्यात रसायनांचे कारखाने वाढत गेले, तेव्हा वेताच्या टोपल्यांत बसविलेल्या काचेच्या मोठाल्या बरण्यांतून हे आम्ल गावोगावच्या छोट्या कारखान्यांत पोचू लागले. त्याबरोबर ते हाताळण्याचे ज्ञान मात्र त्याच वेगाने पोचले नाही.

इकडे समैस्माचे दिवस पालटले. जपानात मिकिमोतोने १८९३ पासून आरंभिलेली संवर्धित मोत्यांची शेती १९२० नंतर बाजारात भरून आली, पाठोपाठ १९२९ ची जागतिक मंदी आली, आणि आखातातील मोत्यांचा व्यापार काही वर्षांतच कोसळला. पुढे तेल आले, पैसा आला, आणि त्याबरोबर पाण्याची अपार तहान आली. कतारमध्ये ना नदी ना बारमाही ओढा. १९५० च्या दशकापासून तेथे समुद्राचेच पाणी ऊर्ध्वपातित करून प्यावे लागले. आणि येथे तेच कॅल्शियम कार्बोनेट पुन्हा समोर उभे राहिले. आखाताचे अतिखारट पाणी तापविले की नळ्यांच्या आतून ते चुन्याच्या कठीण पुटाच्या रूपाने बसते, उष्णता अडविते आणि अखेर यंत्र बंद पाडते. त्यावर पूर्वीचा उपाय असा की, आत येणाऱ्या समुद्रजलात मोजून गंधकाम्ल सोडायचे, त्यातील बायकार्बोनेट मोडून कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा. मान कमी पडले तर पुट चढते, जास्त झाले तर नळ्या झिजतात. पुढे पुट रोखणारी बहुवारिक रसायने आली आणि आम्लाचा रोजचा वापर घटला, तरी नळ्या धुण्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल लागतच राहिले. ज्या द्रव्याला आम्लाचा स्पर्श होऊ नये म्हणून मुंबईचे जवाहिरे जिवाचे रान करीत, त्याच द्रव्यावर आखातात टाक्या भरभरून आम्ल खर्ची पडू लागले.

ह्या कामासाठी जी माणसे दर्यापार गेली त्यांत रत्नागिरी-रायगडची कितीतरी घरे आहेत. टाकीजवळ, पंपाजवळ, धुलाईखान्यात, विश्रांतिगृहाच्या साफसफाईत, जेथे जेथे तीव्र द्रव्याचे पिंप येते आणि ते सौम्य करून वापरायचे असते, तेथे ह्यांच्यातला कोणीतरी उभा असतो. तेथील हवामान स्वतःच एक धोका आहे. कपडे व फरश्या पांढऱ्या करणारे सोडियम हायपोक्लोराइट उन्हात झपाट्याने क्षीण होते, त्याचा वायू डब्यात साठून झाकण फुगते, आणि लेबलावरचा आकडा महिन्यागणिक खोटा पडत जातो. म्हणून ‘नेहमीच्या मापाने’ केलेले द्रावण नेहमीसारखे निघत नाही. हेच द्रव आम्लयुक्त शौचालय-साफीच्या द्रवात मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद स्नानगृहात त्याचे चार श्वासही फुप्फुसांना पुरे होतात. २०२१ पासून कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर ह्या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावरील काम बंद ठेवण्याचा हुकूम आहे. मात्र छपराखालील वखारीतली उष्णता त्या हुकमाने कमी होत नाही.

कायद्याने मधल्या काळात बरीच मजल मारली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर आपल्या कारखाना अधिनियमात १९८७ साली जे कलम ४१-ब घातले गेले, त्याने धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना आणि आसपासच्या जनतेला देणे कारखानदारावर बंधनकारक केले. उस्तादाची मिरास अशा रीतीने कामगाराचा हक्क झाली. कतारच्या २००४ च्या श्रम कायद्यातही, कामगार रुजू होताच त्याला कामातले धोके आणि त्यांपासून बचावाचे उपाय समजावून सांगण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि संरक्षणसाधनांचा खर्च त्याच्या पगारातून कापण्यास मनाई आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९० मध्ये केलेल्या रसायनविषयक करारात ह्याहून बारीक गोष्टीचा विचार आहे: रसायन एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले, तर त्या दुसऱ्या भांड्यावरही आत काय आहे, त्याचा धोका कोणता आणि त्याबाबत घ्यावयाची खबरदारी कोणती, हे कामगाराला कळेल असे दर्शविले पाहिजे. पिंपावर कारखान्याचे छापील लेबल असतेच. अपघात होतात ते बहुधा त्यातून भरलेल्या लहान बाटलीने, आणि ती बाटली पुष्कळदा पिण्याच्या पाण्याची असते.

म्हणून समैस्माच्या एखाद्या विश्रांतिगृहात सफाईच्या खोलीत जी बाटली भरली जाते, तिच्यावर द्रव्याचे नाव, पाण्याचे प्रमाण आणि भरल्याची तारीख ही तीन गोष्टी भरणाऱ्याच्या भाषेत, मराठीत, मलयाळममध्ये, नेपाळीत, बंगालीत, जी असेल तीत, लिहिलेल्या असाव्यात, आणि त्या लिहिण्यासाठी त्याला वेळ आणि लेखणी मालकाने पुरवावी.