तंजावरचा न्यायाधीश आणि राजवाड्यातील ग्रंथ : ए. सी. बर्नेल यांच्या धर्मशास्त्रविषयक संशोधनाचा मागोवा

ऑर्थर कोक बर्नेल (१८४०-१८८२) हे नाव तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना मुख्यतः हेन्री यूल यांच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या व १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशामुळे परिचित आहे. बर्नेल मद्रास सनदी सेवेत होते आणि तंजावर येथे त्यांनी जिल्हा न्यायाधीश म्हणून काम पाहिले, ही गोष्ट मात्र त्या मानाने उपेक्षित राहिली. एखाद्या संशोधकाचे लेखन पुढील काळात कोण, कशासाठी आणि किती निवडकपणे उद्धृत करतो, या प्रश्नाचा विचार त्यांच्या उदाहरणावरून करण्याचा येथे प्रयत्न आहे.

त्यासाठी तंजावरची पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला व सरफोजीराजांकडे किल्ल्यापुरती सत्ता उरली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्रावाचून निवर्तले आणि कंपनीने त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. तेथील निकाल त्यांच्या बाजूने लागला. परंतु १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. ही जप्ती सार्वभौम सत्तेचे राजकृत्य असून तिच्या न्याय्यतेची चौकशी न्यायालयास करता येत नाही, असे त्या निर्णयाचे सूत्र होते. ‘राजकृत्य’ या संकल्पनेच्या चर्चेत हा निर्णय पुढे वारंवार आधारास घेतला गेला. तंजावरच्या राणीचे नाव विधिग्रंथांत टिकले ते असे, हरलेल्या पक्षकाराचे नाव म्हणून.

बर्नेल यांचे विधिविषयक लेखन याच दशकांतले. माधवाचार्यांच्या दायविभागाचा अनुवाद त्यांनी १८६८ मध्ये, तर वरदराजाच्या व्यवहारनिर्णयातील दायभागाचा १८७२ मध्ये प्रसिद्ध केला. मनुस्मृतीचा अनुवाद त्यांच्या हयातीत पुरा झाला नाही, तो ई. डब्ल्यू. हॉपकिन्स यांनी पूर्ण करून १८८४ मध्ये प्रकाशात आणला. राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची मद्रास सरकारसाठी तयार करून त्यांनी ती १८८० पर्यंत लंडनहून छापविली. नायक राजांनी आरंभिलेला व भोसले राजांनी, विशेषतः दुसऱ्या सरफोजींनी, वाढविलेला हा संग्रह युरोपीय विद्वानांना ज्ञात झाला तो मोठ्या अंशी या सूचीमुळे.

निबंधग्रंथ म्हणजे प्रत्यक्ष अमलात असलेल्या कायद्याच्या संहिता नव्हेत, असा इशारा बर्नेल यांनी दिला होता. जे. एच. नेल्सन यांनी १८७७ च्या आपल्या ग्रंथात हा विचार टोकाला नेला. मद्रास इलाख्यातील बहुसंख्य लोक संस्कृत धर्मशास्त्राच्या आज्ञेत कधी राहिलेच नव्हते. उच्च न्यायालय ते त्यांच्यावर लादत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. न्यायमूर्ती एल. सी. इन्स यांनी १८८२ मध्ये त्यास उत्तर दिले. खरे तर १८६८ च्या रामनाड दत्तक प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने सिद्ध झालेली रूढी लिखित वचनापेक्षा बलवत्तर मानली होती. तरीही रूढी सिद्ध करण्याचे ओझे पक्षकारावरच राहिले. सिद्धता करता न आल्यास न्यायालयाला ग्रंथच जवळचा होता, आणि आता तो इंग्रजीत उपलब्ध होता. ज्या अनुवादकाने ग्रंथाच्या मर्यादा सांगितल्या, त्याचेच अनुवाद ग्रंथनिष्ठ न्यायदानाला सुलभ झाले. प्रस्तावना वादासाठी उपयोगी पडली, अनुवाद न्यायदानासाठी.

विद्वत्परंपरेत मात्र या कार्याला अधिक स्थिर स्थान मिळाले. पां. वा. काणे यांनी १९३० पासून प्रसिद्ध होत गेलेल्या आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात अशा हस्तलिखित सूचींचा सतत आधार घेतला. तंजावर ग्रंथालय १९१८ मध्ये सार्वजनिक झाले व त्यानंतर पी. पी. एस. शास्त्री यांनी संस्कृत हस्तलिखितांची विस्तृत वर्णनात्मक सूची सिद्ध केली. तिच्यापूर्वी अभ्यासकांची भिस्त बर्नेल यांच्यावरच होती.

या यशाची दुसरी बाजू मराठीच्या अभ्यासकाला दृष्टिआड करता येत नाही. बर्नेल यांची सूची संस्कृत ग्रंथांपुरती होती. त्याच राजवाड्यात मराठी ग्रंथ होते आणि दरबारच्या व्यवहाराची मोडी दफ्तरेही होती. शास्त्र काय सांगते हे संस्कृत पोथीत आढळते. लोक कसे वागत, देणेघेणे कसे ठरे, याचा माग दफ्तरांतच लागण्याची शक्यता अधिक. रूढीचा पुरावा मागणाऱ्या काळात रूढीची साधने असूचित राहिली आणि शास्त्राची साधने सूचिबद्ध झाली. या मोडी कागदांकडे अभ्यासकांचे लक्ष विसाव्या शतकात वळले. तोवर हिंदू कायद्याची घडण मोठ्या प्रमाणात होऊन गेली होती.

याचा दोष एकट्या बर्नेल यांना देणे अन्यायाचे होईल. त्यांना नेमून दिलेले काम तेवढेच होते आणि ते त्यांनी चोख केले. परंतु जे सूचीत येते तेच उद्धृत होते, आणि जे उद्धृत होते तेच पुढे प्रमाण ठरते, हे तंजावरच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते. संशोधनाचा प्रभाव मोजताना अवतरणांची गणना पुरेशी नाही. त्या अवतरणांच्या बाहेर कोणती भाषा व कोणते कागद राहिले, हेही तपासणे अगत्याचे आहे.