कबुतरं काही जमली नाहीत

सप्टेंबर १८८१. पॅरिसमध्ये एतिएन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाच्या घरी पाहुणे जमले होते. हेल्महोल्ट्झसारखा जर्मन शास्त्रज्ञही त्यांत होता. सत्कारमूर्ती होता एडवर्ड मायब्रिज. जन्म इंग्लंडचा, नाव काढलं कॅलिफोर्नियात. धावत्या घोड्यांचे फोटो काढून त्याने जगाला चकित केलं होतं आणि त्या संध्याकाळी त्याने घोडे पडद्यावर धावतानाही दाखवले. मंडळी खूश झाली.

मारेचा जीव मात्र दुसरीकडे अडकलेला होता. मायब्रिजने त्याच्यासाठी उडत्या कबुतरांचेही फोटो आणले होते. मारे ते बघायला तीन वर्षं थांबला होता. आणि बघितल्यावर त्याची निराशा झाली.

एका फोटोग्राफरला दुसऱ्याचे फोटो पसंत पडले नाहीत, म्हटलं तर एवढीच गोष्ट. तुम्ही भिगवणला जाऊन फ्लेमिंगोंचे फोटो काढता, ग्रुपवर टाकता, आणि पाच मिनिटांत वीस जण अंगठा दाखवून मोकळे होतात. एकविसावा कुणीतरी लिहितो, “पंखांची टोकं फाटलीत, डोळा फोकसमध्ये नाही.” राग येतो. पण पुढच्या खेपेला शटरचा वेग वाढवताना आठवतो तोच. मायब्रिजला असा एकविसावा माणूस भेटला होता, आणि त्या नापसंतीतून उडत्या पक्ष्याचा फोटो काढण्याची सगळी विद्या उभी राहिली असं म्हटलं तर फार ताणल्यासारखं होणार नाही.

मारे मुळात कॅमेऱ्याचा माणूसच नव्हता. तो डॉक्टर. हालचाल कागदावर उतरवायची, हा त्याचा ध्यास. मनगटावरची नाडी काजळी धरलेल्या कागदावर आपली रेघ स्वतःच ओढेल, असं यंत्र त्याने केलं होतं. मग घोड्याच्या नालांखाली रबरी फुगे बसवले, टाप पडली की नळीतली हवा दाबली जाणार आणि सुई हलणार. पक्ष्यांनाही त्याने असाच साज चढवला. ससाण्यासारख्या पक्ष्याच्या अंगावर पट्टे, पंखाला तरफ, मागे लोंबणाऱ्या नळ्या, आणि दूर टेबलावर फिरणारं नळकांडं. त्यातून कळलं की चिमणी सेकंदाला साधारण तेरा वेळा पंख मारते, कबुतर आठ वेळा. पण पंख वरून खाली येताना नेमका कसा वळतो, पिसं कधी मिटतात, हे रेघ सांगत नाही. शिवाय एवढं सामान अंगावर घेऊन उडणारा पक्षी नेहमीसारखा उडेल याचा भरवसा काय?

हे सगळं त्याने १८७३ साली पुस्तकात मांडलं. चौखूर धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात, असं त्याच्या रेघा सांगत होत्या. कॅलिफोर्नियातला रेल्वेसम्राट लेलँड स्टॅनफर्ड याला हाच प्रश्न छळत होता. (त्याने त्यावर मोठी पैज लावली होती, ही गोष्ट सगळे सांगतात, पुरावा कुणी देत नाही.) त्याच्या पैशावर मायब्रिजने जून १८७८ मध्ये धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले, पट्टीवर दोरे ताणले, आणि धावत्या घोडीने एकेक दोरा तोडत स्वतःचे बारा फोटो काढून घेतले. मारेच्या रेघा खऱ्या ठरल्या.

डिसेंबरमध्ये ‘ला नात्यूर’ या फ्रेंच साप्ताहिकात ते फोटो छापून आले. मारेने लगेच संपादक गास्तों तिसाँदिए याला पत्र लिहिलं. घोड्यांचं तोंडभरून कौतुक आणि लगेच मागणी: या माणसाशी माझी गाठ घालून द्या, त्याला पक्ष्यांचे फोटो काढायला सांगा. त्याच पत्रात त्याने आपल्या डोक्यात घोळणारी एक कल्पनाही सांगून टाकली, फोटो काढणारी बंदूक. पक्ष्याची एक अवस्था, किंवा जमलं तर लागोपाठच्या अनेक अवस्था पकडणारी. मायब्रिजने पक्ष्यांचं मनावर घेतलं. म्हणजे १८८१ची कबुतरं ही फर्माइशीची कबुतरं होती.

ती का फसली, हे समजून घेण्यासारखं आहे. घोडा आखलेल्या पट्टीवरून जातो, पांढऱ्या भिंतीसमोरून जातो, दोरा तोडतो. कबुतर यातलं काहीच करत नाही. ते कुठून येईल, किती उंचावरून जाईल, कॅमेऱ्यापासून किती अंतरावर असेल, सगळंच बेभरवशाचं. त्यामुळे मायब्रिजच्या हाती आले ते सुटे क्षण, आणि तेही पुसट. मारेचा मुख्य आक्षेप पुसटपणावर नव्हताच. मालिका नाही, हा होता. एका अवस्थेनंतर दुसरी कोणती आणि मधे किती वेळ गेला, हे कळत नसेल तर शरीरशास्त्रज्ञाने त्या फोटोचं करायचं काय?

आता मारे काय करू शकला असता? पाहुण्याचं मन राखून गप्प बसता आलं असतं. त्याने घोड्यांची बाजू शेवटपर्यंत उचलून धरली, कबुतरांबद्दल खरं तेच म्हटलं, आणि पन्नाशी उलटल्यावर स्वतः फोटोग्राफी शिकायला घेतली. टीका करणाऱ्याने स्वतः करून दाखवावं असा काही नियम नाही, पण असं कुणी केलं की त्या टीकेचं वजन बदलतं.

मारे हिवाळा नेपल्सजवळ पोझिलिपोला काढत असे. समोर समुद्र, वर समुद्रपक्षी. १८८२च्या सुरुवातीला बंदूक तयार झाली. दस्ता, चाप, लांब नळी, सगळं शिकाऱ्याच्या बंदुकीसारखंच. फक्त नळीत भिंग, आणि काडतुसांच्या जागी घड्याळासारख्या यंत्राने फिरणारी काचेची तबकडी. चाप ओढला की ती सेकंदात बारा वेळा थांबत पुढे सरके, दर थांब्याला एक फोटो, प्रत्येकाला उजेड मिळे सेकंदाचा ७२०वा भाग. तुमच्या फोनवर बटण दाबून धरलं की पटापट फोटो निघतात, त्याचा हा खापरपणजोबा. फोटोला ‘शूट’ म्हणण्यामागे असली खरीखुरी बंदूकही आहे.

कल्पना सगळी आपली, असा दावा मारेने केला नाही. खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेनचं ऋण त्याने मानलं. हा जान्सेन १८६८चं खग्रास सूर्यग्रहण बघायला आपल्याकडे गुंटूरला येऊन गेलेला. १८७४ साली शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना टिपायला त्याने पिस्तुलासारखा कॅमेरा केला होता, दीड सेकंदाला एक फोटो. शुक्राला तेवढा वेग पुरतो, पक्ष्याला नाही. मदतीला आल्या त्या कोरड्या जिलेटिनच्या काचा. आधीच्या पद्धतीत काच ओली असेपर्यंतच सगळं उरकावं लागे.

माझ्या बंदुकीत जिवावर उठणारं काही नाही, असं त्याने आईला कळवलं. रोज पक्ष्यांवर नेम धरणारा आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परतणारा हा फ्रेंच गृहस्थ पोझिलिपोच्या लोकांना खुळा वाटे, असं सांगतात.

मला मारे सगळ्यात आवडतो तो इथून पुढे. जी पट्टी त्याने मायब्रिजला लावली, तीच स्वतःच्या बंदुकीला लावली. हिशेब तुम्हीच करा. कबुतर सेकंदाला आठ वेळा पंख मारणार, बंदूक बारा फोटो काढणार. म्हणजे पंखांच्या एका फडफडीला दीड फोटो! त्यातून पंखाचा प्रवास कसा कळायचा? संथ पंखांच्या समुद्रपक्ष्यांचं जरा बरं होतं, पण चित्रं चिमुकली, पक्षी म्हणजे उजळ आकाशावरची काळी सावली, पिसं दिसतच नव्हती. तबकडी आणखी जोरात फिरवावी तर जड काच दर वेळी थांबवायची आणि पुन्हा हलवायची कशी? बंदुकीचं युरोपभर कौतुक होत असताना त्याच वर्षी मारेने ती बाजूला ठेवली.

नवी युक्ती उलटी होती. काच हलवायचीच नाही. पॅरिसच्या वेशीवर, ब्वा द बुलोन्यच्या वनाला लागून, त्याला प्रयोगांसाठी जागा मिळाली होती. तिथे त्याने आतून काळीकुट्ट अशी खोल पडवी उभारली. तिच्यासमोरून पांढरा पक्षी उन्हात उडवायचा आणि कॅमेऱ्यात भेगा पाडलेली चकती गरगर फिरवायची. प्रत्येक भेगेला एक फोटो, सगळे एकाच काचेवर. काळ्यावर उजेड नाही, म्हणून काच कोरी राहते. उमटतो फक्त पक्षी. उतरणाऱ्या पेलिकनचा त्याचा फोटो बघाल तर एका पक्ष्याचीच रांग लागलेली दिसेल. यातही खोट होतीच: पक्षी संथ उडाला की आकृत्या एकमेकींवर चढत. मग १८८७ साली समुद्रपक्ष्याच्या उड्डाणाच्या अवस्था त्याने कांस्यात घडवल्या, म्हणजे चहूबाजूंनी बघता येतील. आणि १८८८ साली काच सोडून सरकत्या कागदी फिल्मच्या पट्टीवर गेला. ती वाट पुढे सिनेमाकडे गेली, तिच्यात त्याला फारसा रस नव्हता.

त्या काळात सगळेच असे सरळ वागत नव्हते. १८८२ साली स्टॅनफर्डने घोड्यांवर जाडजूड पुस्तक काढलं, आणि मायब्रिजच्या कामाचं श्रेय त्यात जवळपास गिळून टाकलं. परिणाम असा की लंडनच्या रॉयल सोसायटीने मायब्रिजचा निबंध नाकारला. हे काम तुमचंच कशावरून? त्याने दावा लावला, तो हरला. ज्याने कबुतरं नापसंत केली त्याने त्याला घरी बोलावून मोठ्या लोकांपुढे उभं केलं, आणि ज्याने घोड्यांवर पैसा ओतला त्याने नाव पुसलं. अर्थात मारेही संत नव्हता. देमनी हा त्याचा उजवा हात. यंत्रांचा धंदा करण्यावरून दोघांचं बिनसलं आणि १८९४ साली मारेने त्याला दूर केलं.

मायब्रिजने पक्षी सोडले नाहीत. फिलाडेल्फियात १८८४पासून तो पुन्हा कामाला लागला. दोऱ्यांऐवजी विजेने, ठरावीक अंतराने उघडणारी शटरं, कोरड्या काचा, कॅमेऱ्यांच्या ओळी. १८८७ साली ७८१ पत्र्यांचा, म्हणजे मोठाल्या छापील पानांचा, संच निघाला. त्यात कबुतरं आहेत, काकाकुवा आहे, आणि या वेळी ती मालिकेत आहेत. शंभर वर्षांनी मार्टा ब्राउन या अभ्यासक बाईंनी तो संच बारकाईने तपासला तेव्हा दिसलं की बऱ्याच पानांवर गाळलेल्या जागा गुपचूप भरल्या आहेत, क्रम जुळवून घेतले आहेत. मारेचा जुना आक्षेप इतक्या वर्षांनी पुन्हा बरोबर ठरला. चित्रं म्हणून ती पानं अजूनही देखणी आहेत, हेही खरं.

मारेला सावल्यांवर भागवावं लागत होतं, त्याच सुमारास प्रशियात ओटोमार आन्श्युट्झने १८८४ साली करकोच्यांचे असे फोटो काढले की पीस न् पीस मोजावं. त्या फोटोंनी ओटो लिलिएंथालला नादावलं. त्याने करकोचे अभ्यासले, १८८९ साली पक्ष्यांच्या उड्डाणावर पुस्तक लिहिलं, मग स्वतः पंख बांधून टेकडीवरून झेपावू लागला. तेव्हा फोटो काढायला हजर होता आन्श्युट्झच.

ऑगस्ट १८९६ मध्ये लिलिएंथाल कोसळून गेला. ती छोटीशी बातमी अमेरिकेत विल्बर राईटने वाचली आणि घरच्या कपाटातून मारेचं पुस्तक पुन्हा काढलं. आधीही ते त्याने अनेकदा वाचलं होतं, असं त्यानेच १९०१च्या भाषणात सांगितलंय. पुस्तक ते जुनंच, रबरी नळ्या आणि काजळीच्या रेघांचं. त्याच वर्षी दोघा भावांनी लाकडी पेटीत वारा सोडून लिलिएंथालचे आकडे एकेक करून तपासले.

त्यांचं विमान १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालं. मायब्रिज आणि मारे दोघेही पुढच्या मे महिन्यात वारले. दोघांचं जन्मसालही एकच होतं, १८३०.