करंज : जैवइंधन व वाढीची परिस्थिती
शिंबावंत कुलातील तेलबियांचा वृक्ष. वर्षाला ५०० ते २,५०० मिमी. पाऊस त्याला मानवतो. भंडारा जिल्ह्यातील बपेरासारख्या धानाच्या मुलखात त्याची जागा धुऱ्यावर वा नाल्याकाठी. बांधीतली लाखोरी मात्र डाळीसाठी व चाऱ्यासाठीच राहावी, तिच्या दाण्यात तेल नगण्यच. करंजाच्या बियांत साधारणतः २७ ते ३९ टक्के तेल असते. झाडाचा वाण, जमीन व ओलावा यांनुसार प्रमाण बदलते. साचलेले पाणी, खारी जमीन झाड सोसते. पण जगणे म्हणजे भरघोस फळणे नव्हे. शेंगा आपोआप फुटत नाहीत, ठेचून बी काढावे लागते. दमट बी साठवल्यास तेलातील मुक्त मेदाम्ले वाढतात आणि अल्कली वापरून बायोडिझेल करताना त्यांचा साबण होऊन उतारा घटतो.