दोरी ओढायची हिंमत

ऑफिसात कुणी 'लीन' हा शब्द उच्चारला की लोक आधी रेझ्युमे अपडेट करायला घेतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. आपल्याकडे लीनचा अर्थ 'दहा जणांचं काम सात जणांत' असाच रुळलाय. पण हा शब्द ज्या कारखान्याच्या अनुभवातून आला, तिथे सुरुवात बरोब्बर उलट टोकाकडून झाली होती.

फ्रीमॉन्ट म्हटलं की आपल्याला इंडियन ग्रोसरीची दुकानं आणि एच-वनवर गेलेले मित्र आठवतात. पण १९६० च्या दशकापासून तिथे जनरल मोटर्सचा एक भलामोठा कारखाना होता, आणि तो भलत्याच गोष्टींसाठी गाजलेला होता. रोज २० टक्क्यांच्या आसपास कामगार गैरहजर. सोमवारी तर कधीकधी लाइन चालू करायलाही पुरेशी माणसं नसत. कामावर दारू, जुगार, अचानक संप, युनियनच्या तक्रारींचे ढीग. रागावलेले कामगार गाड्यांमध्ये मुद्दाम खोड्या करून ठेवत. आणि या सगळ्यावर एकच अलिखित नियम: काहीही होवो, लाइन थांबता कामा नये. इंजिन उलटं बसलं तरी गाडी पुढे ढकलायची, दुरुस्ती नंतर बाहेर अंगणात! (आपल्या 'रिलीज तर करू, बग्ज नंतर बघू' ची आठवण झाली का? मला तरी झाली.)

१९८२ मध्ये जीएमने हा कारखाना बंद केला. हजारो लोक घरी बसले.

त्याच सुमाराला टोयोटाला अमेरिकेत गाड्या बनवायच्या होत्या. १९८१ पासून जपानी गाड्यांच्या आयातीवर मर्यादा आली होती, आणि अमेरिकन कामगारांबरोबर आपली पद्धत चालेल की नाही याची त्यांना धाकधूक होती. जीएमला फायद्यात छोटी गाडी बनवता येत नव्हती. दोघांनी मिळून १९८४ मध्ये तोच फ्रीमॉन्टचा कारखाना उघडला. नाव ठेवलं नूमी, म्हणजे न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग. गंमत म्हणजे युनियन तीच आणि जवळजवळ ८५ टक्के कामगारही तेच, ते 'वाया गेलेले'!

टोयोटाने टीम लीडर्सना गटागटाने जपानला नेलं आणि ताकाओका कारखान्यात जपानी कामगारांच्या शेजारी उभं केलं. तिथे त्यांना दिसली ती लाइनच्या बाजूने गेलेली दोरी. काही अडलं की कामगार ती ओढणार. दिवा लागतो, धून वाजते, टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या अंतरात अडचण सुटली तर ठीक, नाहीतर लाइन थांबते. या दिव्याच्या पाटीला म्हणतात आंदोन, म्हणजे जपानी कंदील. जिथे लाइन थांबवणं हा गुन्हा होता तिथल्या माणसांना आता सांगितलं जात होतं की चूक पुढे ढकलणं हा गुन्हा.

ही कल्पना टोयोटाच्या घरातलीच. साकिची टोयोदांच्या १९२४ च्या यंत्रमागाचा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. ताइची ओनोंनी पुढे तेच मोटारींच्या कामाला लावलं आणि त्याला 'लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच' ची जोड दिली. ही जोड अमेरिकन सुपरमार्केटवरून सुचली: गिऱ्हाइकाने फळीवरून जेवढं उचललं तेवढंच मागून भरायचं.

पण माझ्या मते खरी मेख दोरीत नाही, १९५० मध्ये आहे. त्या वर्षी टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर होती. कपातीवरून मोठा संप झाला, सुमारे दोन हजार लोक गेले आणि संस्थापक किइचिरो टोयोदांनी स्वतः राजीनामा दिला. त्यानंतर कंपनी आणि युनियन ज्या समजुतीवर आल्या तिचा गाभा असा: नोकरी टिकेल, त्या बदल्यात कामगार काम सुधारायला मदत करतील. विचार करा, मी सुचवलेल्या सुधारणेने माझीच खुर्ची जाणार असेल तर मी कशाला सुचवू?

नूमीच्या करारातही हे लिहिलेलं होतं. कपातीची वेळ आलीच तर आधी वरिष्ठांचे पगार कापायचे, मग बाकीचं. १९८८ च्या सुमारास शेव्ही नोव्हा गाडीचा खप घसरला आणि कारखाना बऱ्याच अंशी रिकामा चालू लागला, तरी कुणाला काढलं नाही. लोकांना ट्रेनिंगला आणि सुधारणांच्या कामाला लावलं. तोवर गैरहजेरी २ टक्क्यांच्या आसपास आली होती. जीएमच्या फ्रॅमिंगहॅम कारखान्यात एका गाडीला ३१ तास लागत, नूमीत १९. तिथेच काम केलेल्या जॉन क्राफसिक या तरुण इंजिनिअरने १९८८ च्या लेखात या पद्धतीला 'लीन' म्हटलं. आधी त्याने 'फ्रॅजाइल' असा शब्द वापरला होता. तो टिकला असता तर कन्सल्टंट लोकांनी काय विकलं असतं कुणास ठाऊक :)

मग जीएमने हे सगळं इतर कारखान्यांत का नेलं नाही? नेलं की! लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइसला दोरीसुद्धा लावली. पण कामगारांना तो कपातीचा नवा डाव वाटला, आणि मॅनेजरांना किती गाड्या बाहेर पडल्या यावरच बोनस मिळत राहिला. मग दोरी ओढणाऱ्याला ओरडा बसणार नाही तर काय? एका अधिकाऱ्याला तर वरून हुकूम होता की नूमीच्या इंचाइंचाचे फोटो काढून आण आणि आपला कारखाना तसाच कर. फोटोत दोरी येते, ती ओढल्यावर धावत येणारा लीडर कुठून येणार? व्हॅन नाइस १९९२ मध्ये बंद पडलं. पुढे जीएमने बऱ्यापैकी सुधारणा केली, पण २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेलीच.

आणि नूमी? जीएम २००९ मध्ये भागीदारीतून बाहेर पडली आणि टोयोटाने एकट्याने कारखाना चालवायला नकार दिला. ज्यांना २५ वर्षं नोकरीची हमी दिली होती, ते जवळपास ४,७०० लोक बेकार झाले. १ एप्रिल २०१० ला शेवटची गाडी, एक लाल कोरोला, लाइनवरून उतरली. पुढच्याच महिन्यात टेस्लाने तो कारखाना घ्यायचं जाहीर केलं.